आजारपणामुळे नोकरी सोडावी लागतेय; कंपनीने दिलेल्या राजीनाम्यावर सही करावी का?

अबोली (शनिवार, रात्री १०:४०)

नमस्कार. इथे रोज वाचते, लिहितेय आज पहिल्यांदा.

आम्ही फोंड्याजवळ राहतो. माझे मिस्टर ४६ वर्षांचे. जानेवारी २०१५ पासून वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका औषध कंपनीत पॅकिंग मशीनवर ऑपरेटर आहेत. तीन शिफ्ट, आणि आठ तास उभ्याने काम. गेल्या वर्षी पाय सुजायला लागले. आधी वाटलं उभं राहून सुजत असतील, मग तपासणीत किडन्या निकामी झाल्याचं कळलं. आता आठवड्यातून तीन दिवस डायलिसिस. साठलेली रजा संपली, त्यानंतर पाच महिने बिनपगारी झाले.

चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आधी कंपनीतून फोन आला म्हणून भाऊ त्यांना घेऊन गेला. तिथे टाइप केलेला कागद तयारच होता. "वैयक्तिक कारणास्तव मी स्वेच्छेने राजीनामा देत आहे", खाली नाव, सहीची जागा मोकळी. "सोमवारपर्यंत द्या, म्हणजे हिशोब लवकर होईल" म्हणाले. बोलले गोडच. पण तो कागद देवाच्या खोलीत माटोळीखाली (गणपतीच्या वर फळं-पानं बांधतात त्या मांडवीखाली) ठेवलाय आणि पाच दिवस माझा डोळा त्याच्यावरून हलत नाही.

माझे प्रश्न असे. पेन्शन ५८ नंतरच का? कंपनीतला एकजण म्हणतो की आधी पेन्शन हवी असेल तर कारखान्यात अपघात व्हावा लागतो, आजाराला मिळत नाही. खरं आहे का? पगार २४ हजार, त्यामुळे दोन वर्षांपूर्वी ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) बंद झालं. मुलगी नववीत आहे.

रातांबा (शनिवार, रात्री १०:५२)

ताई, त्या कागदावर सही करू नका. बाकीचं सकाळी सविस्तर लिहितो. आज रात्री एवढंच.

शिफ्टवाला (शनिवार, रात्री ११:१५)

रातांबा, सल्ला द्यायला सोपा असतो. मी वीस वर्षं वसाहतीत काढलीत. कंपनीशी वाकडं घेतलं की पीएफचा कागद पुढे सरकत नाही, ग्रॅच्युइटीला हेलपाटे. आजारी माणसाने ऑफिसच्या पायऱ्या का चढाव्या? ताई, जे मिळतंय ते घ्या आणि त्यांच्या तब्येतीकडे बघा. मनापासून सांगतोय.

मांडवीपार (रविवार, सकाळी ६:३०)

शिफ्टवाला भाऊ, तुमच्यासारखंच मला एकाने मनापासून सांगितलं होतं, म्हणून लिहितो. मुलगा टाइप करतोय, मला स्क्रीन दिसत नाही.

मी खनिज वाहणाऱ्या बार्जवर होतो. २०१२ ला खाणी बंद पडल्या तेव्हा बार्जी नदीत उभ्या राहिल्या आणि आम्ही घरी. दीड वर्षाने एका कंपनीच्या बसवर ड्रायव्हर लागलो. साखर होतीच, ती डोळ्यांवर गेली. २०१९ मध्ये समोरच्या बसचा नंबर दिसेना. मालकाने हेच केलं, छापील कागद, "वैयक्तिक कारण". मी सही केली. मला वाटलं, आंधळा ड्रायव्हर आहे हे सगळ्यांना दिसतंय, कागदावर काय लिहिलंय याने काय फरक पडतो?

फरक पडला. नंतर अपंगत्वाच्या पेन्शनची चौकशी केली तर माझ्या खात्यावर नोकरी सोडल्याचं कारण साधं "नोकरी संपली" असं होतं. अपंगत्व नोकरीत असताना आलं हे दाखवायला माझ्याकडे एकही कागद नव्हता. पन्नास पूर्ण होईपर्यंत थांबलो आणि मग लवकरची पेन्शन घेतली, वर्षाला ४ टक्के कापून. ती कात्री जन्मभराची. बायकोने शिवणकाम केलं म्हणून ती वर्षं निघाली.

रातांबा (रविवार, सकाळी ९:१०)

मांडवीपार बाब, तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत.

अबोलीताई, आता सविस्तर. मी एका कारखान्यात युनियनचं काम करायचो, त्यात अशा सात-आठ केसेस पाहिल्या.

खासगी नोकरीतली पेन्शन म्हणजे कर्मचारी पेन्शन योजना, १९९५, आपण ईपीएस म्हणतो ती. मालकाच्या हिश्श्यातून पगाराच्या ८.३३ टक्के तिकडे जातात. तिच्यातून जिवंतपणी पेन्शन घ्यायच्या तीन वाटा आहेत. एक ५८ ची. दुसरी ५० नंतरची, कापून मिळणारी. या दोन्हींना किमान १० वर्षं सेवा लागते. तिसरी वाट लोकांना माहीतच नसते. नोकरीत असताना माणूस कायमचा आणि पूर्णपणे अपंग झाला तर पेन्शन लगेच सुरू होते, त्या तारखेच्या दुसऱ्या दिवसापासून, जन्मभर. वयाची अट नाही, १० वर्षांची अट नाही, एक महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी चालते. आणि ४ टक्क्यांची कात्रीही नाही.

अपघातच हवा असं त्या नियमात कुठेही म्हटलेलं नाही. बघतात ते एवढंच की माणूस जे काम करत होता त्या कामाला कायमचा असमर्थ झालाय का. हे शब्द नीट लक्षात ठेवा. घरात चालता येतं, चहा करता येतो, म्हणून कोणी नाकारू शकत नाही. प्रश्न पॅकिंग मशीनपुढे आठ तास उभं राहता येतं का, हा आहे.

पण "नोकरीत असताना" हे तितकंच महत्त्वाचं. स्वेच्छेने सोडली असं एकदा लिहून दिलंत की आजाराचा आणि नोकरी जाण्याचा संबंध तुम्हीच तोडलात. म्हणून म्हणतो, कागद बदला. राजीनाम्याऐवजी अर्ज द्या: आजार कधी कळला, कोणतं काम जमत नाही, कायमच्या असमर्थतेमुळे सेवा संपवावी आणि पेन्शनसाठी मेडिकल बोर्डाकडे पाठवावं. दोन प्रती काढा. एकीवर पोच घेतल्याशिवाय तिथून उठू नका.

पगारपत्रक (रविवार, सकाळी ११:४५)

मी गेली अठरा वर्षं एका कंपनीत पगार आणि पीएफचं काम बघते, म्हणून टेबलाच्या पलीकडून सांगते.

माणूस नोकरी सोडून गेला की आम्ही पीएफच्या पोर्टलवर सोडल्याची तारीख आणि कारण भरतो. कारणाच्या यादीत नोकरी संपली, वयोमानाने निवृत्ती, निवृत्ती, मृत्यू, आणि कायमचं अपंगत्व असे पर्याय असतात. बहुतेक क्लार्क हात सवयीचा म्हणून पहिलाच निवडतात. त्यात वाईट हेतू असतोच असं नाही, पण मांडवीपार यांचं जे झालं ते त्या एका क्लिकमुळेही होतं. अबोली, तुमच्या अर्जात स्पष्ट लिहा की पोर्टलवर सोडण्याचं कारण "कायमचं अपंगत्व" भरावं. नंतर मिस्टरांच्या फोनवर सर्विस हिस्ट्री उघडून तुम्ही स्वतः बघा.

शिफ्टवाला, तुमची भीती मी खोटी म्हणणार नाही. पण अर्ज नम्र भाषेत दिला तर त्यात वाकडं घेण्यासारखं काही नाही. मला असा अर्ज आला तर मलाच काम सोपं होतं.

हिशोबनीस (रविवार, दुपारी २:०५)

आकडे मांडतो. अबोलीताई, बेसिक अधिक डीए किती आणि मागच्या पाच वर्षांचा सरासरी किती?

अबोली (रविवार, दुपारी ३:३०)

सगळ्यांना देव बरें करूं. डायलिसिसला घेऊन गेले होते, आत्ता आलो. स्लिपा काढून बसले. आत्ता बेसिक आणि डीए मिळून १५,६००. पाच वर्षांचा सरासरी भावाने काढला, जवळजवळ १४ हजार.

हिशोबनीस (रविवार, संध्याकाळी ५:००)

ईपीएसचं सूत्र: मागच्या ६० महिन्यांचा सरासरी पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०. पगार कितीही असला तरी मर्यादा १५ हजारांची. तुमचा सरासरी १४ हजार. सेवा १० वर्षं ८ महिने, सहा महिन्यांवर गेली की पुढचं वर्ष धरतात, म्हणजे ११. १४,००० × ११ ÷ ७० = २,२०० रुपये महिना.

ग्रॅच्युइटी: शेवटचा पगार १५,६००, त्याचे २६ भाग करून १५ घ्यायचे, म्हणजे ९,००० रुपये वर्षाला. ११ वर्षांचे ९९,०००. मृत्यू किंवा अपंगत्वामुळे सेवा संपली तर ग्रॅच्युइटीला पाच वर्षांची अट लागत नाही, तुमची तर तशीही पूर्ण आहेत.

पीएफची सगळी रक्कम कायमच्या असमर्थतेच्या कारणावर लगेच काढता येते. वाचणाऱ्यांपैकी कुणाची पाच वर्षं झाली नसतील तर हेही लक्षात ठेवा, प्रकृतीमुळे नोकरी संपली असेल तर त्या रकमेवर कर कापत नाहीत. तिथेही कागदावरचं कारणच बघतात.

पगारपत्रक (रविवार, संध्याकाळी ५:४०)

हिशोबनीस, एक दुरुस्ती. पाच महिने बिनपगारी झालेत. ते दिवस आम्ही दरमहा वर्गणी नसलेले दिवस म्हणून वेगळ्या रकान्यात भरतो आणि पेन्शनच्या सेवेतून ते वजा होतात. १० वर्षं ८ महिन्यांतून ५ गेले की १० वर्षं ३ महिने, म्हणजे १०च धरतील. २,००० रुपये.

ग्रॅच्युइटीचं तसं नाही. आजारपणाची गैरहजेरी सलग सेवेतच मोजतात, ११ वर्षंच. कंपनीने १० धरली तर हे दाखवा.

हिशोबनीस (रविवार, संध्याकाळी ५:५५)

बरोबर, माझ्या नजरेतून सुटलं. अबोलीताई, २,००० धरा.

साखळीचा मास्तर (रविवार, संध्याकाळी ७:२०)

मी निवृत्त शिक्षक. मला एक कळत नाही, नोकरी सोडायचीच का? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम २० मध्ये स्वच्छ म्हटलंय की सेवेत असताना अपंगत्व आलं तर कर्मचाऱ्याला काढता येत नाही, त्याच पगारावर दुसऱ्या कामाला लावायचं, जागा नसेल तर जादा पद निर्माण करायचं. आमच्या खात्यात एका सहकाऱ्याला असंच टेबलाचं काम दिलं होतं. कंपनीने ह्यांना स्टोअरमध्ये बसवावं.

रातांबा (रविवार, रात्री ८:००)

मास्तर, कायदा तोच आहे, पण ते कलम सरकारी आस्थापनांना लागू आहे. खासगी कंपनीवर तशी सक्ती करता येत नाही. सरकारी नोकरांना असमर्थता पेन्शनही वेगळी असते आणि २०१९ पासून तिथे १० वर्षांची अटही राहिलेली नाही. खासगी कामगाराला नोकरी टिकवायची अशी हमी नाही. हे मला वर्षानुवर्षं खुपत आलंय. किडनी तीच, डायलिसिसची सुई तीच, आणि एकाला खुर्ची मिळते तर दुसऱ्याला टाइप केलेला कागद.

बसून करायचं काम मागायला मात्र हरकत नाही. अर्जात एक ओळ घाला. कंपनीने लेखी नाही म्हटलं तर तोही कागद पुढे उपयोगी पडतो.

नर्सताई (रविवार, रात्री ९:३५)

मी डायलिसिस विभागात काम करते, कुठे ते लिहीत नाही.

अबोली, डॉक्टरांच्या सर्टिफिकेटवर नुसतं आजाराचं नाव घेऊ नका. त्यांना सांगा, बोर्डासाठी हवंय. कधीपासून डायलिसिस, आठवड्यातून किती वेळा, किती तास, हा आजार कायमचा आहे, आणि उभ्याने, रात्रपाळीत, वजन उचलून काम करता येणार नाही, असं सगळं त्यात यायला हवं. हातात फिस्टुला (डायलिसिसच्या सुईसाठी शस्त्रक्रियेने जोडलेली शीर) केलेला असेल तर त्या हाताने ओझं उचलायचं नसतं, हेही लिहून घ्या. पॅकिंगवाल्या माणसाच्या बाबतीत ही मोठी गोष्ट आहे.

आणि पाण्याचं कसं करता?

अबोली (रविवार, रात्री १०:१०)

फिस्टुला डाव्या हाताला आहे, आणि ते डावखुरे आहेत. हे कुणी लिहिलंच नव्हतं कागदावर.

पाण्याला एक स्टीलचा तांब्या ठेवलाय. सकाळी दिवसभराचं माप त्यात भरते. चहा, औषधाचं पाणी, सगळं त्यातून वजा. पेज त्यांना जीव की प्राण, तर तांदूळ उपसून वरचं पाणी मुलगी पिते आणि शितं त्यांना. चवथीला नेवऱ्या (करंज्या) केल्या तेव्हा ते म्हणाले, ह्यात पाणी नाही, ह्या दोन देऊ शकतेस. सगळे हसलो. खूप दिवसांनी.

कुळागर (रविवार, रात्री १०:३०)

वाचून डोळे भरले, ताई.

माझ्या थोरल्या भावाला ही पेन्शन मिळाली, म्हणून बोर्डाचं सांगतो. तो मडकईला एका कारखान्यात वेल्डर होता, कण्याचं ऑपरेशन झालं. १०-डी फॉर्म, म्हणजे पेन्शनचा अर्ज, कंपनीमार्फत पणजीला पाटोवरच्या पीएफ ऑफिसात गेला, तिथून बोर्डाचं पत्र आलं. बोर्ड बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) बसलं. मी सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून फाइल केली होती, जुना सगळ्यात खाली. डॉक्टरांनी फाइल पाहिली, मग भावाला विचारलं, "काम काय करायचास?" भाऊ म्हणाला, "वेल्डिंग." "म्हणजे काय, करून दाखव." तो वाकायला गेला आणि अर्ध्यात टेबलाला धरून उभा राहिला. त्यांनी खुर्ची दिली आणि लिहायला लागले.

आम्ही कंपनीकडून कामाचं वर्णन लिहून घेतलं होतं: किती तास वाकून, किती किलोचं साहित्य. ते फार कामाला आलं. डॉक्टरांना मशीन माहीत नसतं. तुम्हीही घ्या.

शिफ्टवाला (सोमवार, सकाळी ७:०५)

सगळं वाचलं. मी चुकीचं सांगितलं होतं, ताई. सही करू नका.

एक गोष्ट कुणी काढली नाही, ती जड आहे पण बोलायला हवी. पीएफसोबत ईडीएलआयचा विमा असतो. नोकरीत असताना माणूस गेला तर घरच्यांना त्यातून पैसे मिळतात, कमाल ७ लाख. नोकरी संपली की तो विमा संपतो. माझ्या शिफ्टमधल्या एकाने कर्करोगात राजीनामा दिला आणि दोन महिन्यांत गेला. घरच्यांना नंतर कळलं. म्हणून सोडायची तारीख घाईने ठरवू नका.

नर्सताई (सोमवार, सकाळी ७:४०)

शिफ्टवाला, हे ताईंना आत्ता वाचायला लावायची गरज होती का? डायलिसिसवर माणसं वर्षानुवर्षं जगतात. प्रत्यारोपणही होतं. माझ्याकडे एक आजोबा नऊ वर्षं येतायत.

अबोली (सोमवार, सकाळी ८:१५)

नर्सताई, त्यांनी लिहिलं ते बरंच केलं. रात्री मी आणि हे यावर बोललो. आम्ही वर्षभर त्या विषयाच्या कडेकडेने चालत होतो. हेच म्हणाले, विचारून घे, पोरीचं शिक्षण आहे. तुमचे आजोबाही त्यांना सांगितले. "नऊ?" असं दोनदा विचारलं.

आज भाऊ अर्ज घेऊन जातोय. मी हाताने लिहिलाय, दोन पानी.

मांडवीपार (सोमवार, सकाळी ८:३०)

पोच घ्या. शिक्का आणि तारीख.

नवीन वाचक (सोमवार, दुपारी १:००)

विषयाला धरून विचारतो. माझा पगार १९ हजार, ईएसआय आहे, क्षयरोगाचं मोठं दुखणं चालू आहे. मीही अर्ज करावा का?

रातांबा (सोमवार, दुपारी १:२५)

नाही, तुम्ही आधी ईएसआयचा लाभ घ्या. आजारपणात ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के पगार मिळतो, आणि त्यांच्या ३४ दीर्घ आजारांच्या यादीत असलात तर पुढे ८० टक्क्यांनी, जास्तीत जास्त दोन वर्षं. आजारपणाचा लाभ चालू असताना मालक कामावरून काढू शकत नाही. मडगावच्या ईएसआय इस्पितळात जाऊन विचारा. क्षय बरा होतो, तुम्हाला कायमचं काही नको.

अबोली (सोमवार, संध्याकाळी ६:५०)

पोच मिळाली. भाऊ दोन तास बसला. आधी म्हणाले, असा अर्ज आमच्याकडे कुणी देत नाही, राजीनामाच द्या. भाऊ काही बोलला नाही, नुसता बसून राहिला. मग आतल्या एका मॅडमनी अर्ज वाचला आणि म्हणाल्या, कारण बरोबर आहे, मी असंच भरते. कामाचं वर्णनही त्या देणार आहेत. बसून करायचं काम नाही म्हणाल्या, तेही लिहून देतील.

कंपनीचा मेडिक्लेम बंद होणार. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवेचं कार्ड आहे, घरात तिघं म्हणून अडीच लाखांपर्यंतचं, ते नूतन करायला टाकलं.

पगारपत्रक (सोमवार, संध्याकाळी ७:१०)

त्या मॅडमना माझा नमस्कार सांगा.

साखळीचा मास्तर (सोमवार, रात्री ८:४५)

२,००० रुपयांसाठी एवढी धावपळ. वाईट वाटतं. किमान पेन्शन २०१४ पासून १,००० वर अडकलीय. तेवढ्यात आज काय येतं?

अबोली (सोमवार, रात्री ९:३०)

मास्तर, मीही आधी तसंच म्हटलं. पण हे म्हणाले, "ते माझ्या कामाचे पैसे आहेत." वर्षभर ते घरात पाहुण्यासारखे बसतात. भाजी कितीला आणली हेसुद्धा विचारत नाहीत. त्यांच्या नावाने महिन्याला खात्यात काही आलं तर मला हवंय. अठ्ठावन्नपर्यंत बारा वर्षं आहेत, त्याचे २ लाख ८८ हजार होतात, मुलीने मांडून दाखवलं.

अबोली (तीन आठवड्यांनंतर, गुरुवार, रात्री ९:२०)

कळवायचं राहिलं होतं. पोर्टलवर कारण "कायमचं अपंगत्व" असं दिसतंय, मी स्क्रीनशॉट काढून ठेवला. ग्रॅच्युइटी ११ वर्षांची धरली. डॉक्टरांनी सर्टिफिकेटवर डाव्या हाताचं लिहिलं. आता १०-डी भरायचाय.

त्यात नवराबायकोचा एकत्र फोटो लागतो म्हणतात. आमचा लग्नानंतरचा धड एकही नाही, सगळे कुणाच्या ना कुणाच्या बारशातले. साधा चालतो की स्टुडिओतला हवा?

कुळागर (गुरुवार, रात्री ९:४०)

स्टुडिओतलाच काढा, पासपोर्ट आकाराचा, तीन प्रती. दोघांचे चेहरे समोर हवेत. मुलीची जन्माची नोंद आणि पासबुकाची प्रतही जोडा. पेन्शन सुरू झाली की वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो, तो आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही होतो.

नर्सताई (गुरुवार, रात्री ९:५५)

डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी सकाळी जा. त्या दिवशी सूज कमी असते, चेहरा छान येईल.

अबोली (गुरुवार, रात्री १०:०५)

मग शनिवारी. त्यांना सांगितलं तर उठून निळा शर्ट इस्त्रीला काढून ठेवला.